पेरभर मलम आणि बांधावरचं गाजरगवत

ज्या इसबाबद्दल या प्रकरणात मुख्यतः बोलायचं आहे, त्याची भारतातली नोंद आपल्याच जिल्ह्यात सुरू होते. १९५१ साली पुण्यातल्या उकिरड्यांवर एका अनोळखी झुडपाची तुरळक रोपं प्रा. परांजपे यांना दिसली होती. १९५६ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांनी पुण्यातली ही वनस्पती भारतात नवी असल्याची रीतसर नोंद छापली. मूळची ती अमेरिका खंडातली. पुढच्या दहा-बारा वर्षांत ती रस्त्याच्या कडेने, रेल्वेच्या रुळांलगत, कालव्याच्या भरावावरून शेतात शिरली. १९६८ च्या सुमारास लोणकर आणि जोग या डॉक्टरांनी तिच्यामुळे होणाऱ्या त्वचारोगाचं वर्णन केलं. शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. आपण तिला गाजरगवत म्हणतो, काँग्रेस म्हणतो. घोड नदीच्या काठापासून भीमेच्या काठापर्यंत, म्हणजे शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत, हे गवत ओळखत नाही असा शेतकरी मिळणार नाही.

हे गवत अंगाला लागलं की प्रत्येकाला खाज सुटते असं मात्र नाही. माणूस दहा-दहा वर्षं ते हाताने उपटतो, बैलगाडीत भरतो, बांधावर टाकतो आणि त्याला काहीच होत नाही. मग एका पावसाळ्यात पापण्या सुजतात. गवताच्या पानांवर आणि खोडावर बारीक लव असते. त्या लवेत पार्थेनिन नावाचं रसायन असतं. वर्षानुवर्षं त्याच्याशी गाठ पडत राहिली की काही जणांचं शरीर त्याला शत्रू म्हणून ओळखायला शिकतं, आणि एकदा शिकलं की सहसा विसरत नाही. वाळलेलं गवतही सुरक्षित नसतं, कारण त्याचा भुगा वाऱ्यावर उडतो.

या आजाराचा नकाशा अंगावर स्पष्ट उमटतो. चेहरा, पापण्या, कान, मान, सदऱ्याच्या उघड्या गुंडीतून दिसणारा गळ्याखालचा त्रिकोण, कोपराची आणि गुडघ्याची लवण, हे सगळं लाल, मग काळपट, मग खाजवून खाजवून जाड झालेलं. सदरा काढला तर पोट-पाठ बऱ्याचदा स्वच्छ. डॉक्टर इथे आणखी एक गोष्ट आवर्जून पाहतात. निव्वळ उन्हाने होणाऱ्या त्रासात पापण्या, कानामागची आणि हनुवटीखालची सावलीतली कातडी वाचते. हवेतून येणारे कण सावलीतही पोहोचतात, म्हणून गाजरगवताच्या इसबात नेमक्या याच जागा धरल्या जातात. सुरुवातीला हा त्रास ऋतूप्रमाणे चालतो: उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वाढतो, थंडीत बसतो. काही वर्षांनी थंडीतही बसेनासा होतो आणि काही जणांना मग ऊनही सोसत नाही. बारमाही पाण्याच्या उसाच्या पट्ट्यात गवतही बारमाही हिरवं असतं, त्यामुळे विसावा मिळण्याचे महिने आधीच कमी.

अशा माणसाच्या खिशात एक ट्यूब असते. मेडिकलमधून आणलेली, मधोमध दाबून चपटी झालेली, कुणाच्या तरी सांगण्यावरून घेतलेली. त्या ट्यूबमध्ये बहुतेक वेळा स्टेरॉईड असतं. हे मलम वाईट नाही, आणि ते मला या प्रकरणात ठासून सांगायचं आहे. इसबावर इतकं लवकर आणि इतकं खात्रीने काम करणारं लावायचं औषध आजही दुसरं नाही. बिघडतं ते त्याच्यासोबत जायला हवी ती माहिती ट्यूबसोबत जात नाही म्हणून. कुठे लावायचं, किती लावायचं, किती दिवस लावायचं, हे औषधाच्या नावाइतकंच महत्त्वाचं आहे आणि तेच कुणी सांगत नाही.

या औषधाआधी इसबाच्या रोग्याचं काय होत होतं ते पाहिलं तर त्याची किंमत कळते. डांबराचे लेप, जस्ताची मलमं, पट्ट्या, महिनोन्‌महिने दवाखान्यात पडून राहणं. कॉर्टिसोन हे मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत तयार होणारं संप्रेरक वेगळं काढून रुग्णांना दिलं गेलं आणि त्या कामासाठी हेंच, केंडल आणि रायश्टाइन यांना १९५० चं नोबेल पारितोषिक मिळालं. दोनच वर्षांनी, १९५२ मध्ये, मॅरियन सुल्झबर्गर आणि व्हिक्टर विटन यांनी त्याचाच भाऊबंद असलेलं हायड्रोकॉर्टिसोन कातडीवर लावून पाहिलं. ते लागू पडलं. त्यानंतर रसायनतज्ज्ञांनी त्याच रेणूत फेरफार करून अधिकाधिक जोरदार औषधं बनवली: बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुटिकासोन आणि सगळ्यांत जहाल अशा गटातलं क्लोबेटासॉल.

काम कसं होतं? रेणू कातडीच्या पेशीत शिरतो, तिथल्या एका प्रथिनाला जाऊन चिकटतो आणि पेशीच्या केंद्रकात पोहोचून दाह पेटवणाऱ्या जनुकांचा आवाज खाली आणतो. खाज कमी होते, लाली उतरते, पाणी सुटणं थांबतं. पण तोच रेणू त्वचेला घट्टपणा देणाऱ्या कोलॅजनची निर्मितीही कमी करतो आणि बारीक रक्तवाहिन्या आकसून टाकतो. या आकसण्यामुळे कातडी थोडा वेळ पांढुरकी दिसते. १९६२ मध्ये मॅकेंझी आणि स्टॉटन यांनी ह्याच पांढुरकेपणावरून मलमाचा जोर मोजण्याची पद्धत काढली. औषधाचा गुण आणि दोष हे असे एकाच मुळातून येतात. दोष टाळायचा म्हणून औषध बंद करता येत नाही. ते मोजून वापरावं लागतं.

आता ‘कुठे’ याकडे येऊ, कारण सगळ्यांत मोठी चूक इथेच होते. १९६७ मध्ये फेल्डमन आणि मायबाक यांनी अंगाच्या वेगवेगळ्या भागांवर हायड्रोकॉर्टिसोन लावून किती शरीरात शिरतं ते मोजलं. मनगट ते कोपर या हाताच्या आतल्या बाजूतून जेवढं शिरतं त्याला एक मानलं, तर तळपायातून त्याचा साधारण सातवा हिस्सा शिरतो. कपाळातून सहा पट. जबड्याच्या कोपऱ्याजवळ तेरा पट. आणि वृषणाच्या कातडीतून बेचाळीस पट. हे आकडे पाहिले की भेगाळलेल्या टाचेला लागू पडलेलं मलम जांघेत का लावू नये हे वेगळं सांगावं लागत नाही. तळहात-तळपायांच्या जाड कातडीला जोरदार मलम लागतं, कधी कधी काही आठवडे लागतं. चेहरा, पापण्या, मान, काख, जांघ, स्तनाखालची घडी इथे सौम्य मलम, आणि तेही थोडे दिवस. जांघेत जहाल मलम महिनोन्‌महिने लावणाऱ्यांच्या मांड्यांवर रुंद, जांभळे, नंतर पांढरे पडणारे पट्टे येतात. ते पट्टे कायमचे असतात. पापण्यांवर दीर्घकाळ लावलं तर डोळ्यातला दाब वाढू शकतो, मोतीबिंदू होऊ शकतो.

लंगोट किंवा डायपरच्या आतल्या जागेबद्दलही हेच. मलमावर झाकण पडलं की ते कित्येक पट जास्त आत शिरतं. डॉक्टर कधी कधी जाड चट्ट्यावर मुद्दाम प्लास्टिक गुंडाळायला सांगतात ते याच कारणाने. बाळाच्या बाबतीत तोच परिणाम नकळत घडतो. बाळाचं वजन कमी आणि त्या मानाने कातडी जास्त, त्यामुळे शरीरात शिरणारं औषधही जास्त. अंघोळ घालणाऱ्या बाईने सांगितलं, शेजारणीच्या बाळाला गुण आला, म्हणून डायपरच्या रॅशला क्लोबेटासॉल लावलं जातं आणि काही आठवड्यांत बाळाचा चेहरा गोल, फुगलेला दिसायला लागतो. घरच्यांना वाटतं बाळ बाळसं धरतंय. हे बाळसं नसतं. बाळाच्या स्वतःच्या ग्रंथी औषधामुळे झोपी गेल्याची ती खूण असू शकते. अशा वेळी ट्यूब घेऊन त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे जावं, कारण बरेच दिवसांचं औषध घरच्या घरी एकदम तोडणंही धोक्याचं असतं.

‘किती’ याचं माप मात्र आपल्या बोटावरच आहे. १९९१ मध्ये लाँग आणि फिनले या ब्रिटनमधल्या त्वचारोगतज्ज्ञांनी ते लोकांसमोर मांडलं, आणि आपल्याकडे तर ‘पेर’ हा शब्द आधीपासून तयारच आहे. अंगठ्याशेजारच्या बोटाचं टोकाचं पेर घ्या. टोकापासून पहिल्या सांध्याच्या रेषेपर्यंत ट्यूबमधून मलमाची एक सरळ रेघ ओढा. नेहमीच्या ट्यूबच्या तोंडातून ही रेघ साधारण अर्ध्या ग्रॅमची होते. एवढ्या मलमात मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळव्यांएवढी जागा झाकली जाते. पूर्ण चेहरा आणि मान मिळून अडीच पेरं. खांद्यापासून मनगटापर्यंत एका हाताला तीन, पंजाला दोन्ही बाजूंनी मिळून एक. एका पायाला सहा, पावलाला दोन. छाती-पोटाला सात, पाठीला सात. तीन ते सहा महिन्यांच्या बाळाच्या चेहऱ्या-मानेला मोठ्या माणसाचं एकच पेर पुरतं.

हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. दोन्ही हात पंज्यांसकट इसबाने धरले आहेत. म्हणजे दिवसाला आठ पेरं, चार ग्रॅम. आठवड्याला अठ्ठावीस. पंधरा ग्रॅमच्या जवळजवळ दोन ट्यूबा. आपल्याकडे अशी एक ट्यूब दोन-दोन महिने पुरवली जाते. वाटाण्याएवढं मलम सगळ्या हातावर फासायचं, खाज थोडी उतरली की थांबायचं, चार दिवसांनी पुन्हा. दाह कधीच पुरता विझत नाही आणि औषध मात्र वर्षभर चालू राहतं. कमी लावलं म्हणून सुरक्षित, ही समजूत खोटी आहे. पुरेसं, पण थोडे दिवस, हेच सुरक्षित. मात्र त्रास असेल तेवढ्याच जागेवर लावायचं. सगळ्या चेहऱ्याला क्रीमसारखं चोपडायचं नाही.

दिवसातून किती वेळा? जोरदार मलमांपैकी बहुतेकांना एक वेळ पुरते. कातडीचा वरचा मृत थर औषध धरून ठेवतो आणि हळूहळू सोडत राहतो. तीन वेळा लावल्याने गुण तिप्पट येत नाही, दुष्परिणाम मात्र वाढतात. संध्याकाळी शेतातून आल्यावर, कोमट पाण्याने अंघोळ करून, अंग टिपून लावलेलं मलम सगळ्यांत उपयोगी पडतं. मलमाच्या आधी किंवा नंतर अर्ध्या तासाचं अंतर ठेवून साधं व्हॅसलीन किंवा डॉक्टरांनी सांगितलेलं मॉइश्चरायझर लावावं. दोन्ही एकात एक कालवू नये. मॉइश्चरायझरला मात्र हात आखडता घ्यायचं कारण नाही. अंगभर इसब असलेल्या मोठ्या माणसाला आठवड्याला पाव किलोसुद्धा लागतं, आणि ते जितकं नेमाने लावलं जाईल तितकं स्टेरॉईड कमी लागतं. इसबावर लसूण वाटून बांधण्याची पद्धत अजून दिसते. लसणाने कातडी अक्षरशः भाजते. कडुनिंबाच्या पाल्याच्या पाण्याने कुणाला बरं वाटतं, त्याला माझी हरकत नाही. पण चिघळलेल्या इसबाला कोणताही पाला, हळद किंवा चुना चोळू नये.

दिवसांचा हिशेब सांगताना डॉक्टर जागा आणि जोर दोन्ही पाहतात. सर्वसाधारणपणे चेहऱ्यावर सौम्य मलम पाच ते सात दिवस. हातापायांवर आणि धडावर मध्यम ते जोरदार मलम एक ते दोन आठवडे, आणि मग पुन्हा दाखवायचं. क्लोबेटासॉलसारख्या जहाल मलमाला सलग दोन आठवडे आणि आठवड्याला पन्नास ग्रॅम ही मोठ्या माणसाची वरची मर्यादा समजली जाते. खाज थांबली की लगेच थांबायचं नाही. डोळे मिटून बोट फिरवावं. कातडी आजूबाजूच्या कातडीसारखी मऊ, सपाट लागली की थांबायची वेळ झाली. इथे आपल्या सावळ्या कातडीबद्दल एक गोष्ट जपून लक्षात ठेवायची आहे. इसब बरं झालं तरी त्या जागी काळा डाग राहतो आणि तो जायला कित्येक महिने लागतात. तो डाग म्हणजे आजार नाही. डाग घालवण्यासाठी स्टेरॉईड चालू ठेवणारे लोक बरी झालेली कातडी पातळ करून घेतात.

ज्यांचं इसब त्याच जागी पुन्हा पुन्हा उफाळतं, त्यांच्यासाठी अलीकडे एक वेगळी रीत वापरतात. उद्रेक पूर्ण शांत केल्यावर त्या जुन्या जागांवर आठवड्यातून फक्त दोन दिवस मलम लावायचं, बाकीचे पाच दिवस नुसतं मॉइश्चरायझर. एकूण औषध कमी लागतं आणि उद्रेकही कमी होतात. हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचं.

मेडिकलच्या काउंटरवर उभं राहून ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हटल्यावर हातात काय येतं, याबद्दल मात्र कळकळीने सांगितलंच पाहिजे. कित्येकदा ती मिश्र ट्यूब असते. एकाच क्रीममध्ये क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन, शिवाय जंतूंवरचं एक औषध, बुरशीवरचं एक औषध, कधी चौथंही. कल्पना अशी की आजार कोणताही असो, एखादी गोळी लागेलच. प्रत्यक्षात रात्रीच्या लायटीवर उसाला दारं धरणाऱ्या, ओल्या कपड्यात तासन्‌तास राहणाऱ्या माणसाच्या जांघेत असतो नायटा. नायटा म्हणजे बुरशी. स्टेरॉईडने खाज दोन दिवसांत थांबते, माणूस खूश होतो, आणि बुरशीला रोखणारा शरीराचा पहाराच उठल्यामुळे ती मोकाट पसरते. तिची ठळक गोल कडाही पुसली जाते, त्यामुळे नंतर पाहणाऱ्या डॉक्टरलाही ओळखणं अवघड होतं. भारतात गेल्या दशकभरात नायटा इतका चिवट झाला आहे की त्यामागच्या एका बुरशीला २०२० मध्ये ट्रायकोफायटन इंडोटिनी असं भारताचं नाव जोडलेलं नाव मिळालं. पूर्वी हमखास लागू पडणारं टर्बिनाफीन हे औषध तिच्यातल्या अनेक वाणांवर चालत नाही. या मिश्र मलमांचा त्यात मोठा वाटा आहे असं त्वचारोगतज्ज्ञ सांगत आले आहेत, आणि मला ते पटतं.

मग इसब आणि नायटा घरी कसा ओळखायचा? नेहमी ओळखता येईलच असं नाही. गोल, कडेला उंच आणि मध्ये निवळलेला, कमरेच्या नाडीखाली किंवा जांघेत, घरातल्या दोघा-तिघांना: हा बहुधा नायटा. कातडी हलकेच खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की थोड्या वेळात छडा लागतो. रात्री खाज वाढते, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती पुरळ आहे आणि सगळं कुटुंब खाजवतंय, तर ती खरूज. ऊसतोडीच्या कोप्यांवर, वसतिगृहांत ती झपाट्याने पसरते. तिथे पाच टक्क्यांचं परमेथ्रिन घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं असतं. स्टेरॉईडने खरूज झाकली जाते आणि वाढत राहते.

चेहऱ्याचं प्रकरण याहून दुःखाचं आहे. उन्हातान्हात राबणाऱ्या बायकांच्या गालांवर वांग येतो. १९७५ मध्ये क्लिगमन आणि विलिस यांनी वांगासाठी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉईड अशा तीन औषधांचं मिश्रण सुचवलं. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडे आठवडे वापरायचं औषध होतं. आपल्याकडे ती गोरं होण्याची क्रीम झाली. पहिला महिना चेहरा उजळतो. मग गालावर लाल जाळी दिसू लागते, मुरमं येतात, ओठांवर लव वाढते, आणि क्रीम सोडली की चेहरा आग होऊन पेटतो, म्हणून ती सोडताही येत नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशातल्या १२ केंद्रांच्या पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉईड लावत असल्याचं आढळलं. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने यावर सतत आवाज उठवला आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉईडची मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत आणली. त्याआधी लावायच्या स्टेरॉईडला त्या यादीतून सूट होती. कायदा आला, काउंटरवरची सवय तेवढ्या वेगाने बदललेली नाही. म्हणून ट्यूब हातात आली की तिच्यावरची बारीक अक्षरं वाचावीत. बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासॉल, हॅलोबेटासॉल यांपैकी एखादं नाव दिसलं तर ते स्टेरॉईड आहे. चेहऱ्याला महिनोन्‌महिने अशी क्रीम लावलेली असेल तर ती तडकाफडकी न सोडता त्वचेच्या डॉक्टरांना दाखवून सोडावी. बंद केल्यावर येणारी लाली कशी सावरायची याची त्यांच्याकडे रीत असते.

दुसऱ्या टोकाला भीती आहे. तीही तितकीच नुकसान करते. स्टेरॉईड म्हटलं की किडनी जाते, हाडं ठिसूळ होतात, एकदा लावलं की जन्माची सवय लागते, असं ऐकलेली आई मुलाला मलम लावतच नाही. मूल रात्रभर खाजवतं, झोपत नाही, शाळेत पेंगतं, खाजवलेल्या जागा पिकतात. हाडांवर परिणाम होतात ते प्रामुख्याने दीर्घकाळ गोळ्या किंवा इंजेक्शनं घेतल्याने. व्यायामशाळेत शरीर फुगवायला घेतात ती स्टेरॉईडं तर वेगळ्याच जातीची, त्यांचा या मलमाशी संबंध नाही. योग्य जोराचं मलम, योग्य जागी, ठरलेले दिवस लावलं तर मुलालाही ते सोसतं. या भीतीवर उपाय म्हणून जे लोक ‘जडीबुटीची’ बिननावाची डबी आणतात, त्यांना एवढंच विचारावंसं वाटतं की दोन दिवसांत गुण देणाऱ्या त्या डबीत काय आहे हे सांगणारं लेबल कुठे आहे? अशा डब्यांत जोरदार स्टेरॉईड मिसळलेलं सापडण्याचे प्रकार जगभर नोंदले गेले आहेत. दर पंधरा दिवसांनी खाजेवर ‘सुई’ मारून घेण्याची सवयही याच जातीची. सुईतलं स्टेरॉईड सगळ्या शरीरात जातं आणि साखर, रक्तदाब दोन्ही वाढवतं.

इसबावर पिवळी खपली धरली, पू आला, ताप आला, तर मलमाचा प्रश्न मागे पडतो, आधी डॉक्टर. बारीक, दुखणाऱ्या, एकसारख्या फोडांचे पुंजके एकाएकी उठले तर त्याच दिवशी. तो नागिणीच्या भाऊबंद विषाणूचा फैलाव असू शकतो आणि लहान मुलांत तो जिवावर बेतू शकतो.

पुन्हा गाजरगवताकडे. बांधावरचं कारण तसंच ठेवून मलम लावत राहणं म्हणजे फुटलेल्या पाटाखाली उभं राहून पाणी उपसण्यासारखं आहे. गवतामुळेच इसब होतंय याची खात्री पॅच टेस्टने होते. पाठीवर संशयित पदार्थांच्या चकत्या चिकटवतात, दोन दिवसांनी काढतात, आणि आणखी एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात. त्वचारोग विभाग असलेल्या पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयात ही चाचणी होते. भारतातल्या नेहमीच्या चाचणीसंचात गाजरगवताचा अर्क असतोच. या चाचणीत आणखी एक गोष्ट बाहेर येऊ शकते. गाजरगवत हे शेवंती, झेंडू, सूर्यफूल यांच्याच कुळातलं. एकाशी वाकडं आलेल्या कातडीला दुसरंही सोसेनासं होऊ शकतं. दारात शेवंतीची फुलं ओवणाऱ्या, फुलशेती करणाऱ्या घरात हे माहीत असायला हवं. रांजणगाव, कुरकुंभच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्याच्या हाताचं इसब मात्र मशिनच्या तेलाचं, रसायनाचं किंवा बांधकामावरच्या सिमेंटचं असू शकतं. त्यामुळे सगळं खापर गवतावर फोडण्याआधी चाचणी करावी.

आजार वर्षानुवर्षांचा असेल, ऊनही सोसत नसेल, तर फक्त मलमावर भागत नाही. अझाथायोप्रीनसारख्या गोळ्या रक्ततपासण्या करत दिल्या जातात आणि त्यांनी अनेकांना चांगला आराम पडतो. चेहऱ्यासाठी टॅक्रोलिमसचं मलम आहे. पहिले काही दिवस त्याने चुरचुरतं, पण कातडी पातळ होत नाही, त्यामुळे पापण्या-मानेवर दीर्घकाळ लावायला ते बरं.

ज्याला हा आजार जडला आहे त्याने गवताला हात लावू नये, हातमोजे घालूनही नाही, आणि कुणी उपटत असेल तर वाऱ्याच्या दिशेला उभंही राहू नये. उपटायचं काम घरातल्या ज्यांना त्रास नाही त्यांनी करावं, मोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालून, पाऊस पडल्यावर जमीन मऊ असताना आणि गवताला फूल येण्याआधी. एका झाडाला हजारो बिया धरतात, दहा हजारांच्याही पुढे, त्यामुळे फुलल्यावर उपटलं तर निम्मं काम वाया. फुलाआधीचं गवत खड्ड्यात कुजवून खत करता येतं. पडीक बांधावर टाकळ्याचं बी विस्कटलं तर तो गाजरगवताला वर येऊ देत नाही. मेक्सिकोहून १९८३ मध्ये भारतात आणलेला आणि पुढच्या वर्षी बंगळूरजवळ सोडलेला झायगोग्रामा हा भुंगा पावसाळ्यात त्याची पानं फस्त करतो. शेतात तो पिवळसर, काळ्या रेघांचा भुंगा गवतावर दिसला तर त्याच्यावर फवारणी करू नये. कामावरून आल्यावर कपडे घरात न झटकता वेगळे भिजत घालावेत, चेहरा-मान साध्या पाण्याने धुवावी आणि मग मलमाचं पेर मोजावं. हे सगळं मृग निघायच्या आधी ठरवून ठेवलं, आणि मागच्या वर्षीची चपटी ट्यूब पुन्हा न उघडता डॉक्टरांकडून नवी चिठ्ठी जागा, पेरं आणि दिवस लिहून घेऊन आणली, तर पावसाळ्यातला पहिला उद्रेक आठवड्याभरात आवरता येतो.